किनाऱ्यावरची ४२ किमी ट्रेल मॅरेथॉन: चौघांनी सोबत पळावं का?

केळीवाला_यावल
रामराम मंडळी. केळीची बाग आहे माझी. पहाटे ठिबक चालू केलं की आम्ही चौघे मित्र हतनूरच्या कालव्याच्या कडेने पळतो, रविवारी मनुदेवीच्या डोंगरात. डिसेंबरात कोकणातल्या एका ट्रेल मॅरेथॉनला नावं दिलीत. पहाटे साडेपाचला सुरुवात, आधी सडा म्हणजे कातळाचं पठार आणि पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, २६ ते ३४ किलोमीटर नुसती वाळू, मग पुन्हा चढ. मर्यादा आठ तासांची. त्या दिवशी एकादशी आहे, त्यामुळे घरच्यांना उपासाची वेगळीच काळजी.

आम्ही तिघे किलोमीटरला सात मिनिटं घेतो, चौथ्याला नऊ लागतात. मागच्या वर्षी एका हाफ मॅरेथॉनला "तू ये मागून" म्हणून आम्ही पुढे निघून गेलो. सोळाव्या किलोमीटरला त्याच्या पोटरीत गोळा आला. आम्ही पदकं घालून फोटो काढत होतो, तेव्हा तो रस्त्याच्या कडेला एकटा पाय दाबत बसलेला. शोधत गेलो तर बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले. तो आजवर एका शब्दानं बोलला नाही, पण ते बूट माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

यंदा चौघांनी सोबतच संपवावं असं मला वाटतं. बाकी दोघांचं म्हणणं, वाळूत सगळेच अडकू. पळालेल्यांनी सांगा.

लळिंगचा_वारा, धुळे
भो, वाळूच्या आधी घामाचं बघा. आपल्याकडे हवा कोरडी, घाम वाळतो, अंग गार पडतं, बनियनवर मिठाची पांढरी रेघ उरते. तिकडे डिसेंबरातही तो वाळत नाही, नुसता गळतो. पहिल्या वेळी मी प्रत्येक टेबलावर साधं पाणी ढोसत गेलो. तिसाव्या किलोमीटरला डोकं भणभणलं, बोटं सुजली, अंगठी फिरेना. नुसतं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्या, ओआरएस जवळ ठेवा, तुमच्याकडचे खारे केळी वेफर्स खिशात टाका. आणि पाण्याकाठच्या शेवाळलेल्या खडकावर पाय देऊ नका.

गुहागरची_लेक, जळगाव
दादा, माहेर किनाऱ्यावरचं म्हणून लिहिते. एकादशीचं बरं सांगितलंत. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला पाणी भरलेलं असणार.

आता तुमचाच हिशोब करा. सातच्या वेगानं २६ किलोमीटर म्हणजे साडेआठला वाळूवर, ऐन भरतीत. कडक ओली वाळू पाण्याखाली, तुमच्या वाट्याला वरची भुसभुशीत, पाय घोट्यापर्यंत रुतणारी. त्या मित्राच्या वेगानं गेलात तर साडेनऊ. तोवर ओहोटी लागलेली असते. पाणी मागे सरकत जातं तशी कडक पट्टी उघडी पडते, पुढचे आठ किलोमीटर ती रुंदच होत जाते. त्याच्यासोबत गेलात तर वाळू तुम्हालाच सोपी जाईल. फक्त किनारा उतरता असतो, एक पाय सतत खाली राहून गुडघा धरतो. जिथे सपाट मिळेल तिथूनच पळा.

केळीवाला_यावल
ताई, हा हिशोब कागदावर मांडून बाकी दोघांपुढे ठेवला. नऊच्या वेगानं सगळं मिळून सहा तास अठरा मिनिटं होतात, चढाला आणि थांब्यांना दीड तासाहून जास्त उरतो. दोघेही तयार झाले. धुळ्याच्या भाऊंचं ऐकून ओआरएसची पाकिटं आणली. उपासाला राजगिऱ्याचे लाडू आणि बागेतली केळी आहेतच.

आज तापीच्या वाळूत सहा किलोमीटर करून आलो. त्याला पुढे ठेवलं, आम्ही तिघे मागे. दोनदा त्यानं वळून पाहिलं, आम्ही आहोत का म्हणून. तिसऱ्यांदा नाही पाहिलं.

रविवारी सकाळी सहाला परत तिथेच जाणार आहोत. जवळपासचं कोणी असेल तर या.