सहा मीटरच्या गल्ल्या नऊ मीटर करायला नागरिक मंचाने हरकत घ्यावी का?

नकाशावाचक

पुणे महापालिकेच्या स्थायी समितीने २०२० मध्ये ३२३ रस्ते सहावरून नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. जुन्या बंगला सोसायट्यांतला हा वाद तेव्हापासून धुमसतोच आहे. आपली गल्ली अशा यादीत आली की नागरिक मंचाला भूमिका घ्यावीच लागते. माझे मत स्पष्ट आहे. हरकत घ्यावी, आणि ती मोजमापासकट लेखी घ्यावी.

रुंदी कागदावर आज येते आणि जमिनीवर यायला वीस वर्षे लागतात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे अधिकृत कड, ठरली म्हणून कुंपणाच्या भिंती लगेच मागे सरकत नाहीत. दोन्ही बाजूंची दीड-दीड मीटरची पट्टी व्यवहारात त्या त्या प्लॉटवर नवे बांधकाम होते तेव्हाच हाती येते. तोवर एक भिंत आत, शेजारची बाहेर, अशी दातेरी गल्ली राहते. मोकळा झालेला प्रत्येक खाचा दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या तरी मोटारीची कायमची जागा होतो. वाहतुकीला त्यातला एक फूटही मिळत नाही.

बांधकामाचा हिशोब मात्र पहिल्या दिवसापासून बदलतो. ५०० चौरस मीटरचा प्लॉट धरा. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत (यूडीसीपीआर) दाट वस्तीबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) १.१, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकाम हक्क) नाही. नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर मूळ १.१, शुल्क भरून मिळणारा प्रीमियम ०.५ आणि टीडीआर ०.४ मिळून २.०. दोन्हीकडे निवासी बांधकामाला वर ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय. म्हणजे ८८० चौरस मीटरच्या जागी १६००. बारा प्लॉटच्या गल्लीत १०,५६० चे १९,२०० होतात. हे आकडे मूळ तक्त्याचे आहेत, हरकत लिहिताना त्या दिवशी लागू असलेला तक्ता उघडून पाहा.

सायकलींचे शहर असताना आखलेल्या गल्ल्या आहेत या. त्यांच्यावर एवढा भार टाकण्याआधी गटार, पाणी, पार्किंग यांचा हिशोब मागणे मंचाचे कामच आहे.

तिसरा_मजला

हरकतीला माझा पूर्ण विरोध. तुमचा हिशोब बंगल्यांचा आहे. या गल्ल्यांत १९७५-८५ च्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीही आहेत. त्यांचा मूळ एफएसआय केव्हाच वापरून झाला. १.१ वर पुनर्विकास केला तर बिल्डरला विकायला काही उरत नाही, म्हणजे सगळा खर्च सभासदांच्या खिशातून. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना तो झेपत नाही. परिणामी इमारत तशीच राहते, स्लॅबची सळई गंजते, प्लास्टर सुटते. तीस वर्षांपुढच्या इमारतींना त्याच अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तिचा अहवाल ‘दुरुस्ती अपुरी’ असा आला तर या लोकांनी काय करायचे, याचे उत्तर हरकतीच्या पत्रात असायला हवे.

दुसरे, पार्किंग. रस्त्यावरच्या मोटारी आज कुणाच्या आहेत? याच जुन्या इमारतींच्या, कारण त्यांना आवारात पार्किंगच नाही. नव्या इमारतीला पार्किंग दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही.

आणि अग्निशमनाचा बंब. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही कडांना एसयूव्ही उभ्या असतील तर १.८ अधिक १.८, म्हणजे ३.६ मीटर गेले. उरले २.४. मोठ्या वाहनाची कायदेशीर कमाल रुंदी २.६ मीटर आहे. बंब आत येणारच नाही. हा धोका मान्य करून रुंदीकरण अडवणार का?

नकाशावाचक

संरचनात्मक तपासणीचा मुद्दा मान्य, त्या इमारतींसाठी वेगळा मार्ग मागायलाच हवा. पण बंबाचा प्रश्न पार्किंगचा आहे, तो रुंदीने सुटत नाही. एकाच बाजूला पार्किंग ठेवले तर सहा मीटरमध्ये आजच ४.२ मीटर मोकळे मिळतात. त्यासाठी वाहतूक शाखेकडे पी-१, पी-२ ची मागणी करायची : विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ते ११७ खाली हे करता येते, एक महिन्यापर्यंतचा तात्पुरता निर्बंध तर राजपत्रातल्या अधिसूचनेशिवायही लागू होतो. बिघडते ते फलकावर. फलक झाडामागे लावतात, किंवा गल्लीच्या तोंडाशी एकच लावतात आणि मग कारवाई टिकत नाही. अर्जासोबत खांबांच्या जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडावा, प्रत्येक वळणानंतर एक फलक धरून.

चेंबर_झाकण

वर गटाराचा उल्लेख आला म्हणून थोडे सविस्तर. मी ना हरकतीच्या बाजूचा, ना विरोधातला. मला क्रम महत्त्वाचा वाटतो.

बारा बंगल्यांत प्रत्येकी सहा माणसे धरली तर ७२ माणसे. दरडोई १३५ लिटरने रोज ९,७२० लिटर पाणी. १९,२०० चौरस मीटर बांधकाम म्हणजे फ्लॅटमागे ९० धरून साधारण २१० फ्लॅट, चार माणसांच्या हिशोबाने ८४०. रोज १,१३,४०० लिटर, त्यातले ८० टक्के सांडपाणी, म्हणजे सुमारे ९०,००० लिटर.

कागदावर योग्य उताराची १५० मिलिमीटरची नळी एवढे वाहून नेते. म्हणूनच अधिकारी सुनावणीत ‘क्षमता आहे’ असे सांगतात आणि ते खोटे नसते. प्रत्यक्षात गल्लीतली नळी जुनी, स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीची). सांध्यांतून झाडांची मुळे शिरलेली, मधला एखादा भाग खचून उतार उलटा झालेला. त्यात गच्चीचे पावसाचे पाणी अनेक घरांनी थेट ड्रेनेजला जोडलेले. जून-जुलैत खालच्या टोकाचे चेंबर उसळते ते या पाण्याने. म्हणून ‘क्षमता किती’ असे विचारू नये. ‘शेवटच्या चेंबरपर्यंत कॅमेरा घालून तपासणी केली का’ असे विचारावे आणि तिचा अहवाल मागावा.

आणखी एक. रस्ता आधी काँक्रीटचा करून मग ड्रेनेजसाठी फोडणे हा पैशाचा चुराडा आहे. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाईन, मग वीज आणि केबलसाठी रिकामे डक्ट, सगळ्यात शेवटी पृष्ठभाग. मंचाने हा क्रम लेखी मान्य करून घ्यावा, भूमिका कोणतीही असो.

सावलीतली_वाट

दीड मीटरच्या पट्टीत काय उभे आहे हे कुणीच लिहिले नाही. समोरच्या मोकळ्या जागेतली आंबा, बकुळ, कडुनिंबाची झाडे नेमकी तिथेच आहेत. ५० वर्षांवरची झाडे वृक्ष संरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतात. प्रत्येक झाडाची छातीच्या उंचीवरची घेरमोजणी आणि कुंपणापासूनचे अंतर हरकतीला जोडा. झाड पाडण्याची नोटीस लागल्यावर धावाधाव केली तर फार थोडे दिवस हातात असतात.

तिसरा_मजला

झाडांची यादी जोडायला कुणाचाच विरोध नसावा. पण नऊ मीटर मिळाले तर पदपथ शक्य होतो, सहामध्ये तो कधीच होणार नाही.

पायी_चालणारी

नऊ मीटरमध्ये आपोआप होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या मानकाप्रमाणे निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर लागते, कडेच्या दगडाची (कर्बची) उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंना पदपथ केले तर ३.६ मीटर गेले, गाड्यांना ५.४ उरले, पार्किंग शून्य. एका बाजूलाच केला तर १.८ पदपथ, २ मीटर पार्किंग आणि ५.२ मीटर जाण्यायेण्याला. हा काटछेद, म्हणजे रुंदीची वाटणी, मंजुरीसोबत ठरला नाही तर कडेपासून कडेपर्यंत नऊ मीटर डांबर होते. त्यावर दुहेरी पार्किंग आणि मधून सुसाट दुचाक्या. मग लोक स्वतःच अरुंद, उंच गतिरोधक टाकून घेतात, ज्यांनी पाठीचे मणके दुखावतात. ‘आयआरसी ९९’ चा गतिरोधक ३.७ मीटर लांबीचा आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरसाठी. त्याच्या ४० मीटर आधी फलक आणि वर पांढरे पट्टे हवेत.

कोपऱ्यावरचा_प्लॉट

दोन्ही बाजू सरसकट बोलत आहेत, आणि मला तिथेच अडचण वाटते. बंद गल्ली आणि आरपार गल्ली यांना एकच न्याय लावता येणार नाही. बंद गल्लीत गाड्या फक्त तिथल्याच रहिवाशांच्या. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी गल्ली रुंद झाली की सिग्नल चुकवणारी सगळी वाहतूक तिच्यात शिरते. ती एकेरी केली तर वेग आणखी वाढतो. आरपार गल्लीला माझी हरकत आहे. बंद गल्लीला अटींसह होकार द्यावा.

पण दोन्हीकडे आधी गल्लीचे तोंड तपासा. तोंडावरच्या दोन प्लॉटवर दहा-बारा वर्षांपूर्वी नवी इमारत झाली असेल तर ती पुढची तीस-चाळीस वर्षे हलत नाही. आत नऊ मीटर, तोंडाशी सहा. अशा गल्लीत वाढीव एफएसआय देणे चूक आहे आणि ही हरकत सुनावणीत सहज खोडता येत नाही, कारण ती टेपने सिद्ध होते.

मोजणी अशी करावी : दर २० मीटरवर कुंपणापासून कुंपणापर्यंतची रुंदी, विजेचे खांब, डीपी (वीज वितरणाच्या पेट्या), चेंबर, झाडे. वाहनांची गणना सकाळी ८.३० ते १०.३० आणि संध्याकाळी ५.३० ते ७.३०, पंधरा मिनिटांच्या तक्त्यात, आरपार जाणाऱ्या आणि गल्लीतच थांबणाऱ्या गाड्या वेगळ्या लिहून. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या तर ती एकच हरकत मानली जाण्याचा धोका असतो. प्रत्येक सोसायटीने आपल्या प्लॉटपुरते वेगळे पत्र द्यावे, आवक शिक्का मारलेली प्रत ठेवावी. कलम २१० च्या प्रक्रियेत वर्तमानपत्रातल्या जाहिरातीबरोबर त्या रस्त्यावरही नोटीस लावावी लागते, आणि हरकतीला किमान महिना मिळतो. नोटीस लागलेली नसेल तर तारखेसह फोटो काढून तेच पहिल्या परिच्छेदात लिहावे.