एमएस्सी अकाउंटिंग, फायनान्स आणि डेटा अनॅलिटिक्स: कर्ज काढून जावं का?

सटाणाकर
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय, सीए इंटरचा एक ग्रुप निघालाय, दुसरा काही केल्या निघत नाहीये. सध्या नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात आहे, काम म्हणजे बहुतेक जीएसटी, दर महिन्याला २बी (सप्लायरांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी) आणि टॅली या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधलं परचेस रजिस्टर जुळवत बसायचं. आता एजंट म्हणतो यूकेला एक वर्षाची एमएस्सी कर, अकाउंटिंग-फायनान्स-अनॅलिटिक्स तिन्ही एकत्र, लगेच जॉब. बाबा शेतावर कर्ज काढायला तयार आहेत पण मलाच धाकधूक होतेय. कोणी केलंय का असं काही?

ताळेबंद
मी पुण्यात ऑडिट अनॅलिटिक्समध्ये आहे. कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, मॉड्यूलची यादी उघड. डेटाबेससाठीचं एसक्यूएल आहे का, कोडिंगसाठी पायथन किंवा आर शिकवतात की नुसतं 'इंट्रोडक्शन', आणि खऱ्या लेजरवर प्रोजेक्ट करून घेतात का ते बघ. बऱ्याच ठिकाणी जुनीच फायनान्सची एमएस्सी असते आणि वरून पॉवर बीआयचा (चार्ट-डॅशबोर्ड बनवायचं टूल) एक पेपर चिकटवलेला, फी मात्र नव्या नावाची.

बाकी हे कॉम्बिनेशन चांगलंच आहे रे. मोठ्या कंपनीचं जर्नल एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळींत मावतच नाही, मग चार-दोन व्हाउचर सॅम्पल म्हणून काढण्यापेक्षा सगळ्याच एंट्र्या तपासायच्या: रविवारी टाकलेल्या, अप्रूव्हल लिमिटच्या जेमतेम खाली ठेवलेल्या, एकाच माणसाने टाकून त्यानेच पास केलेल्या. त्यात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा झालाय, म्हणजे कोणी कधी काय बदललं तेही मिळतं. पण कुठली एंट्री संशयास्पद हे कळायला डेबिट-क्रेडिटच पक्कं लागतं, कोडिंगवाले नेमके तिथेच अडकतात. तुझं भांडवल ते आहे.

लीड्सवाली
एजंटला कमिशन मिळतं, त्यामुळे 'लगेच जॉब' हे तो सगळ्यांनाच सांगतो. इथे यूकेत शिक्षण झाल्यावरचा ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडी सोडून, १८ महिनेच मिळणार. तेवढ्यात स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची आणि पगाराची अट गाठायची, आणि नोकरीचे अर्ज कोर्स चालू असतानाच टाकायला लागतात कारण कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम (नव्या पदवीधरांची भरती) आधीच भरत जातात. अजून एक, काही एमएस्सींना एसीसीएच्या (तिकडची सीएसारखी परीक्षा) पेपरांत सूट असते, ती युनिव्हर्सिटीच्या तोंडी न घेता एसीसीएच्या साइटवर तपास. जमीन गहाण टाकून मी तरी आले नसते, स्पष्टच सांगते.

मुनीमजी
एमएस्सी झाली तरी भारतात ऑडिट रिपोर्टवर सही सीएचीच चालते हे डोक्यात ठेव, अर्ध्यावर आलाच आहेस तर ग्रुप सोडू नको. अनॅलिटिक्सच हवं तर कलकत्त्याचं आयआयएम, आयएसआय (सांख्यिकीची संस्था) आणि खरगपूर आयआयटी मिळून दोन वर्षांचं पीजीडीबीए, म्हणजे बिझनेस अनॅलिटिक्सचा डिप्लोमा, चालवतात, पण तिथं गणित तगडं लागतं. आणि सत्यम कंपनीचा घोटाळा विसरू नका, २००९ मध्ये ५,०४० कोटींची खोटी रोकड बाहेर आली, तिथे कुठलं भारी मॉडेल नको होतं, बँकेकडून नीट कन्फर्मेशन घेतलं असतं तरी पुरलं असतं.

सटाणाकर
धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे आधी इथेच काहीतरी करून बघावं म्हणताय. पण ऑफिसात कुठला डेटा मिळणार?

ताळेबंद
अरे २बी काय आहे मग! सप्लायर पोर्टलवर 'आयएनव्ही/००४५/२४-२५' टाकतो, तुमच्या टॅलीत नुसतं '४५' असतं, रक्कम एका रुपयाने इकडेतिकडे, आणि तू डोळ्यांनी जुळवतोस. पॉवर क्वेरीत (डेटा साफ करून जोडायचं टूल) दोन्ही फाइली घे, नंबरातलं आयएनव्ही, वर्ष, स्लॅश आणि पुढची शून्यं काढून टाक, सप्लायरच्या जीएसटीआयएनसोबत (जीएसटी नंबर) जोड आणि रकमेत एक रुपयाची सूट ठेव. मग उरतील ती बिलंच खरी भानगडीची. साहेबांना विचारून क्लायंटची नावं झाकलीस तर हेच प्रोजेक्ट म्हणून एसओपीत (प्रवेश अर्जासोबतचं निवेदन) लिहिता येतं.

सटाणाकर
पॉवर क्वेरी वेगळं विकत घ्यावं लागतं का? ऑफिसात एक्सेल २०१६ आहे.

ताळेबंद
नाही, त्यातच आहे. डेटा टॅबमध्ये 'गेट अँड ट्रान्सफॉर्म' बघ. अडलं तर इथेच टाक, फक्त खरे जीएसटी नंबर पुसून.