विजापूर एका दिवसात : खासगी गाईड म्हणजे पैसे पाण्यात?

घाटपायथा

डिसेंबरात आईबाबांना घेऊन विजापूरला जाऊन आलो. (२०१४ पासून पाट्यांवर विजयपूर आहे, आमच्या घरात अजून विजापूरच.) मुक्काम सोलापुरात, तिथून शंभरएक किलोमीटर. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखरे. उगाच शोधाशोध नको म्हणून हॉटेलच्या काउंटरवरूनच दिवसभराचा खासगी गाईड ठरवला. अडीच हजार, गाडीचे वेगळे.

साडेनऊला गोलघुमटाच्या दारात गाईड भेटला. तोवर शाळांच्या चार बस रिकाम्या झाल्या होत्या. बाबा खालीच बसले. मी आणि आई कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढून वर सज्जात गेलो. तिथं एका बाजूची कुजबुज समोरच्या बाजूला ऐकू येते म्हणतात. आम्हाला ऐकू आलं ते दोनशे पोरांचं 'ओऽऽऽ', आणि घुमट एकेक आवाज सात-सात वेळा परत करतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. त्या कल्लोळात गाईड माझ्या कानाशी ओरडला, "वर्ल्ड का सेकंड बिगेस्ट डोम, साब!"

मग जामा मशीद, बारा कमान, जेवण. जेवणानंतर "पाच मिनिटं फक्त, बघायला पैसे पडत नाहीत" म्हणत इरकल साड्यांच्या दुकानात पाऊण तास. आईनं भिडेखातर एक साडी घेतली. इब्राहिम रोजाला (दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीची इमारत) पोचेतो चार वाजून गेले. मुलूखमैदान तोफ दिवेलागणीला. असर महाल, ताज बावडी, साठ कबर या तिन्हींना मिळून एकच उत्तर : "उसमें कुछ नहीं है, साब."

दिवसभरातला सगळ्यात चांगला काळ कुठला, तर रोजात गाईडला फोन आला आणि तो बागेत निघून गेला ती वीस मिनिटं. बाबा एका खिडकीपाशी थांबले. जाळी म्हणून आम्ही जिच्यावरून पुढे गेलो होतो ती जाळी नव्हतीच, दगडात आरपार कोरलेली अरबी अक्षरं होती, आणि त्यांच्या फटींतून उजेड आत येत होता. गाईड शेजारी असता तर आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो असतो.

माझं मत : आधी चार पानं वाचून जावं आणि आपापलं फिरावं. खासगी गाईड हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे. वेगळा अनुभव असेल तर सांगा.

चहाबाज

+१. पुरातत्त्व खात्याचे फलक असतात ना. फलक कुणाला साडीच्या दुकानात नेत नाही.

रानजाई

अजिबात पटलं नाही. तुमचा गाईड वाईट निघाला हे मान्य. पण एका भटारखान्यात आमटी खारट लागली म्हणून कुणी जेवण सोडत नाही.

मी एकटी गेले होते, फेब्रुवारीत. आदल्या संध्याकाळी गाईडशी फोनवर बोलले, त्यानंच बजावलं, "मॅडम, सहाला गेट उघडतं, सहाला या. आठनंतर आलात तर मी येणार नाही." सव्वासहाला सज्जात आम्ही दोघं आणि पारवे. त्यानं मला भिंतीला कान लावून बसवलं आणि स्वतः गोल चालत पार समोर गेला. तिथं त्यानं खिशातला कागद फाडला. तो फाटण्याचा आवाज माझ्या कानाशी झाला, मी दचकून मागे बघितलं! आता सांगा, एकट्या माणसानं पलीकडून कुजबुजायला कुणाला उभं करायचं? फलकाला?

खाली आल्यावर तो म्हणाला, वर बघा, दालन चौकोनी आणि घुमट गोल, मग हा त्याच्यावर बसला कसा? मी दहा मिनिटं मान वर करून बघितलं, कळेना. मग त्यानं धुळीत बोटानं एक चौकोन काढला, त्यावर दुसरा फिरवून ठेवला. चांदणी झाली. भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना तशा छेदतात, मधे अष्टकोन उरतो आणि त्यावर घुमटाचं कडं टेकतं. कमानींचं आत झुकलेलं वजन घुमटाचा बाहेरचा रेटा सांभाळतं. हे मी आधी वाचलेलं होतं बरं का. वाचून काही डोक्यात शिरलं नव्हतं, धुळीतली रेघ बघून शिरलं.

आणि बाबांना खिडकी दिसली, छानच. छताकडे बघितलंत का त्यांनी? रोजातल्या कबरीच्या खोलीचं दगडी छत जवळजवळ सपाट आहे. दगडांना खालून आधार दिसत नाही, एकमेकांच्या सांध्यावर तोललेले आहेत. गाईडनं दाखवलं नसतं तर मी 'हं, छत आहे' म्हणून बाहेर पडले असते.

मोजपट्टी

गाईड चांगला की वाईट हे बाजूला ठेवून एक दुरुस्ती. 'जगातला दुसरा मोठा घुमट' हे खरं नाही. ४४ मीटर म्हणून जो आकडा फिरतो तो बाहेरचा व्यास. आतून मोजलं तर साधारण ३८. रोमचं पँथिऑन आतून ४३ मीटरच्या वर, सेंट पीटर्स ४१च्या वर, फ्लॉरेन्सचा घुमटही मोठा. हे तिन्ही जुने, आधुनिक स्टेडियमं मोजलीच नाहीत.

मात्र एक गंमत आहे. पँथिऑन गोल आहे, आपला घुमट चौकोनावर बसलाय. त्यामुळे एकही खांब न लावता झाकलेली जमीन विजापुरात जास्त, सुमारे १,७०० चौरस मीटर. पँथिऑनची १,५००च्या आत. म्हणजे १६५६ साली या कारागिरांनी खरोखर एक थोर काम केलं होतं, आणि गाईड ते सोडून भलताच विक्रम सांगतो. माझी चीड ती आहे. खोटं सांगायची गरजच नाहीये इथं!

रानजाई, तुमच्या गाईडनं काय सांगितलं, कितवा नंबर?

रानजाई

दुसरा. :) धुळीतली चांदणी दाखवणाऱ्या माणसाला मी तेवढं माफ केलं.

दफ्तरदार

आकड्यांपेक्षा मोठा घोटाळा गोष्टींचा आहे. मी एकाच गाईडबरोबर दोनदा फिरलोय. पहिल्यांदा ऑफिसची दिल्लीकर मंडळी होती. घुमटाखाली सुलतान महंमद आदिलशहाच्या कबरीशेजारी रंभा नावाच्या कलावंतिणीची कबर आहे. "सुलतानानं विचारलं, माझ्यावर प्रेम असेल तर वरून उडी मार, आणि तिनं मारली." दिल्लीकर गहिवरले. रोजा म्हणजे 'ताजमहल की प्रेरणा'. दोन वर्षांनी साताऱ्याचे नातेवाईक घेऊन गेलो. त्यानं मला ओळखलं नाही. या खेपेला रंभा एका वाक्यात उरकली आणि पूर्ण दुपार अफझलखान! प्रतापगडावर निघण्याआधी खानानं आपल्या साठ बायका कशा मारल्या (साठ कबर ती त्यांचीच म्हणे), ज्योतिषी काय म्हणाला, सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं. गिऱ्हाईक बघून गोष्ट.

बरं, मराठी माणसाला सांगण्यासारखं तिथं खरं इतकं आहे की खोट्याची उधारी लागू नये. मुलूखमैदान तोफ ओतली गेली अहमदनगरात, १५४९ साली, निजामशाहीसाठी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये विजापुरात आली. ५५ टनांचं धूड! १६८६ला शहर पडल्यावर औरंगजेबानं तिच्यावर आपला लेख कोरवून घेतला. आणि १८५४ला इंग्रजांनी तिचा लिलाव केला, बोली आली दीडशे रुपये. नशीब, विक्री रद्द झाली. तोफेजवळ उभं राहून यातलं गाईड काय सांगतो? गोलंदाज बत्ती लावून पाण्याच्या हौदात उडी मारायचा, एवढंच.

पहिल्या इब्राहिम आदिलशहानं हिशेबाच्या दफ्तरातून फारसी हटवून देशी भाषा आणली, त्यातून आपली किती घराणी त्या दरबारात शिरली. शहाजीराजे याच दरबारचे सरदार. दुसऱ्या इब्राहिमाच्या 'किताब-ए-नौरस'मधल्या पदांत सरस्वती आहे, गणपती आहे. हे सांगणारा गाईड दाखवा, मी पाच हजार देतो.

भीमाकाठ

मी विजापूरचाच, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. माझे मामा वीस वर्षं गाईड आहेत. इतका वेळ गप बसलोय, आता बोलतो.

घाटपायथा, अडीच हजार दिलेत म्हणता. गाईडच्या हातात किती पडले विचारलंत का? हॉटेलनं ठरवलेल्या माणसाला त्यातला निम्मा भाग मिळाला तरी पुष्कळ. उरलेला तो दुकानातनं काढतो. हे बरोबर आहे म्हणत नाही मी, कसं चालतं ते सांगतोय. गेटवर थेट बोलला असता, ओळखपत्र बघितलं असतं, आणि "दुकान नाही, पाहिजे तर दोनशे जास्त घे" असं आधीच म्हणला असता, तर आईसाहेबांची साडी वाचली असती. मामा म्हणतात, असं तोंडावर बोलणारी पार्टी आम्हाला आवडते, दिवस हलका जातो.

सीझन दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चपासून दगड असा तापतो की जामा मशिदीच्या अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही. पाच महिन्यांवर बारा महिने काढायचे असतात.

आणि दफ्तरदार, गिऱ्हाईक बघून गोष्ट, खरंय. पण गिऱ्हाईक पण गोष्ट बघूनच पैसे देतं की! मामांनी एकदा पुण्याच्या एका ग्रुपला सांगितलं की साठ बायकांच्या कथेला कागदाचा पुरावा नाही, कबरी आहेत एवढं नक्की. त्यांच्यातले एक काका चिडले, म्हणाले तुम्हाला इतिहास माहीत नाही, आणि ठरल्यापेक्षा तीनशे कमी देऊन गेले. आता पुढच्या ग्रुपला मामांनी काय सांगावं? तुम्हीच सांगा.

दफ्तरदार

खरं तेच सांगावं. तीनशे मी भरतो.

भीमाकाठ

दर सीझनला भरणार का साहेब?

चहाबाज

मी तो काका नाही, आधीच सांगून ठेवतो.

रानजाई

साठ कबरींबद्दल माझंही ऐका. गाईडशिवाय मी तिथं गेलेच नसते. शहराबाहेर, शेतांच्या कडेला, फलक यथातथा, एकट्या बाईनं विचारत विचारत जायची जागा नव्हे. ओळीनं सारख्याच कबरी, सगळ्या बायकांच्या. गाईडनं गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाला, "लोग ऐसा बोलते हैं." मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. त्याला गप्प बसायचं कधी हे कळत होतं. घाटपायथा, तुमच्या बाबांना जे वीस मिनिटं मिळालं ते चांगला गाईड मुद्दाम देतो.

मोजपट्टी

यावर तोडगा : सकाळी सहा ते दहा गाईड, दहानंतर सुट्टी. अर्ध्या दिवसाचे पैसे, गोलघुमट आणि जामा मशीद समजून घ्यायची, दुपारनंतर रोजा आपला आपण. मशिदीच्या फरशीवर एकेका नमाजीच्या जागेच्या चौकटी रंगवल्यात, दोन हजारांच्या वर. औरंगजेबानं आखून घेतल्या असं सांगतात. तेवढ्या मोजायला मला गाईड नको.

घाटपायथा

सगळ्यांचं वाचलं. सहा वाजताचा मुद्दा आणि हॉटेलचा मुद्दा मान्य, दोन्ही माझ्याच चुका. छताकडे आम्ही बघितलं नाही, हेही मान्य, आणि त्याचं वाईट वाटतंय.

पण मूळ गोष्टीवर मी ठाम आहे. रानजाई, तुम्हाला मिळाला तसा गाईड नशिबानं मिळतो आणि मी म्हाताऱ्या आईबाबांना घेऊन नशिबावर जाऊ शकत नाही. आमच्या दिवसाची आखणी दुसऱ्या माणसाच्या पोटाच्या गरजेनं झाली. त्याची गरज खरी होती, भीमाकाठ, ते तुमच्यामुळे कळलं. तरी दिवस आमचा होता.

संध्याकाळी गाडीत बाबांना विचारलं, कसा वाटला माणूस? बाबा म्हणाले, "बिचाऱ्याचा घसा बसला होता रे. दिवसभरात त्याला पाणी विचारलंस का तू?" नव्हतं विचारलं. हे इथं लिहिणार नव्हतो, पण राहवलं नाही.

असो. मार्चच्या आधी पुन्हा जायचं म्हणतायत बाबा, रोजाचं छत आणि साठ कबर बघायला. गाईड घेणार नाही. भीमाकाठ, साठ कबरीला गाडी कुठपर्यंत जाते? बाबांना चालावं किती लागेल? सकाळी जावं की संध्याकाळी?

भीमाकाठ

सकाळीच या, ऊन चढायच्या आत. आदल्या दिवशी इथं लिहा, पाऊस-चिखल बघून गाडी कुठवर जाईल ते सांगतो. शेवटचं थोडं चालावं लागतं, जमीन वरखाली आहे, बाबांना काठी असू द्या. आधी रोजा उघडल्या उघडल्या करा, छत बघायला आत अंधार असतो, टॉर्च आणा. कबरीजवळ सावली कमी आहे, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा.

आणि हे सगळं गाईडचंच काम झालं की ओ. कुठं पाठवताय अडीच हजार?