राजापूर मतदारसंघ समाजवाद्यांकडून शिवसेनेकडे कसा गेला?

प्रश्न : आमच्या देवगडच्या घरी ओटीवर आजोबांनी लावलेली समाजवादी खासदार बॅ. नाथ पै यांची तसबीर अजून आहे, आणि त्याच घरातली मते पुढे धनुष्यबाणाला गेली. हा बदल कशामुळे झाला असावा?

उत्तर १ : नाथ पै १९५७ पासून तीनदा निवडून आले. त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते सलग पाच वेळा जिंकले, अगदी १९८४ च्या काँग्रेस लाटेतही. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत आणि १९९६ मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू विजयी झाले. माझ्या मते याचे मूळ मुंबईत आहे : गिरणगावातला चाकरमानी शिवसेनेच्या शाखेत रुळला आणि गणपतीला गावी येताना, मिठाईच्या पुड्याबरोबर, तिथले राजकारणही घेऊन आला.

उत्तर २ : चाकरमान्यांचा मुद्दा पटतो, परंतु मतदारसंघाच्या सीमाही बदलल्या, हे विसरू नये. पुनर्रचनेनंतर २००९ पासून येथे रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ असून दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे जिंकले खरे, पण चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत मतांची आघाडी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या विनायक राऊतांकडे होती. राण्यांना तारले ते सिंधुदुर्गाने.

प्रश्नकर्ता : म्हणजे आमच्या देवगडानेच!