रोम कमी पैशात: तिकिटं कशाची काढायची, कशाची सोडायची?

पाठीवरचं_बिऱ्हाड
ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी मैत्रीण रोमला जातोय, चार-पाच दिवस आहेत, पाठीवर एकेक सॅक आणि हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहणार. बजेट खरंच टाइट आहे. कोलोसियम, व्हॅटिकन, पँथिऑन सगळ्याचीच तिकिटं काढायची म्हटली तर बाकी कशालाच काही उरत नाही. आम्हा दोघींनाही इतिहासाचं वेड आहे, त्यामुळे नुसतं बाहेरून फोटो काढून परत यायचं नाहीये. पैसे नेमके कुठे घालावेत आणि फुकटात काय चांगलं बघता येईल? ती शाकाहारी आहे तर जेवणाचंही सांगा प्लीज.

दगडधोंडे
कोलोसियमचं तिकीट काढाच, त्यात काटकसर नको. साधं तिकीट १८ युरोचं आहे आणि त्यातच फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि त्याला लागूनची पॅलाटाइन टेकडी येते, २४ तास चालतं. फक्त ऑफिशियल साइटवरूनच घ्या, साधारण महिनाभर आधी ओपन होतात आणि पटापट संपतात, मग तीच तिकिटं दुसऱ्या साइट्स "टूर" म्हणून कितीतरी जास्त किमतीला विकतात. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं खरं, पण त्या दिवशी आधी बुकिंग होत नाही आणि लाइन कुठवर जाते विचारू नका. आधी पॅलाटाइन चढा, वरून फोरमचा सगळा नकाशा डोक्यात बसतो, मग खाली उतरून फिरलं की कुठला खांब कशाचा ते कळायला लागतं, नाहीतर नुसते दगड दिसतात. आणि संध्याकाळी काम्पिदोलिओ टेकडीवरच्या चौकाच्या मागे जाऊन उभ्या राहा, अख्खं फोरम समोर पसरलेलं असतं, तिकीट-बिकीट काही नाही.

उंबरठा
चर्चेस! रोममधली सगळ्यात भारी चित्रं-शिल्पं चर्चमध्ये आहेत आणि बहुतेक चर्चेस फुकट. लोक म्युझियमच्या रांगेत ताटकळतात आणि नावोना चौकाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चच्या दारावरून पुढे निघून जातात. आत डाव्या बाजूच्या शेवटच्या चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनाकक्षात) काराव्हाज्जो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची, आणि ज्या भिंतीसाठी काढली त्याच भिंतीवर अजून आहेत. डावीकडच्या चित्रात जकात गोळा करणारे लोक टेबलाभोवती पैसे मोजत बसलेत, उजवीकडून येशू आत येतो आणि हात उचलतो, त्या हाताच्या वरून तिरपा उजेड थेट मॅथ्यूच्या तोंडावर पडतो. एकाचं तर लक्षच नाही, मान खाली घालून तो नाणी मोजतोच आहे. मी तिथे किती वेळ उभी होते देव जाणे.

तिथून दोन मिनिटांवर सांत अगोस्तीनो चर्च. तिथल्या काराव्हाज्जोच्या चित्रात मेरीसमोर गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळलेले तळवे अगदी आपल्या नजरेच्या उंचीवर येतात, दिवसभर चालून आल्यावर हे चित्र बघाच. मग पोपोलो चौकातलं सांता मारिया देल पोपोलो, आणि कोलोसियमपासून जवळच सान पिएत्रो इन व्हिंकोली, तिथे मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा. सगळं फुकट. बऱ्याच चॅपलमध्ये अंधार असतो आणि नाणं टाकलं की दिवा लागतो, म्हणून सुटी नाणी खिशात ठेवा. दुपारी बरीच चर्चेस दोन-तीन तास बंद असतात, सकाळीच उरकून घ्या.

पँथिऑन या जुन्या रोमन मंदिराला २०२३ पासून तिकीट लागतं, पण ते काढा. छताच्या मधोमध जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस थेट आत पडतो, आणि पाणी जायला फरशीत बारीक भोकं आहेत. इतकी शतकं झाली तरी व्यवस्था चालूच आहे!

अनवाणी
पाणी विकत घेऊ नका, बाटली न्या. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात, शहरात अडीच हजारांच्या आसपास, सतत वाहतात आणि पाणी गार असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, तसं प्यायचं.

खाण्यासाठी पिझ्झा अल ताल्यो. मोठ्या ट्रेमधून हवा तेवढा तुकडा कापून वजनावर देतात, मार्गेरिता, बटाटा-रोझमेरी वगैरे भरपूर शाकाहारी प्रकार असतात. सुप्ली म्हणजे तळलेला भाताचा गोळा, त्यात बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो, विचारूनच घ्या. मैत्रीण कडक शाकाहारी असेल तर पार्मेजान आणि पेकोरिनो चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, वासराच्या-कोकराच्या पोटातून काढलेलं) असतं हे तिला आधीच सांगून ठेव. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायची, बसलात की बऱ्याच ठिकाणी रेट वाढतो.

फ्युमिचिनो एअरपोर्टवरून १४ युरोची एक्सप्रेस ट्रेन तेर्मिनी या मुख्य स्टेशनला जाते, पण ८ युरोची लोकल त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से करत जाते. ती तेर्मिनीला जात नाही, तेव्हा हॉस्टेल कुठे घेताय त्यावर ठरवा. बऱ्याच हॉस्टेलमध्ये माणशी रोजचा सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तो बजेटमध्ये धरा.

पाठीवरचं_बिऱ्हाड
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी!! चर्चेसचं तर डोक्यातच नव्हतं. मग व्हॅटिकनचं काय करू? शेवटच्या रविवारी म्युझियम फुकट असतं असं वाचलं.

उंबरठा
असतं, पण दुपारी दोनपर्यंतच, शेवटची एंट्री साडेबाराला, आणि गर्दी इतकी की म्युझियममधल्या सिस्टीन चॅपलमध्ये मान वर करून धड उभंही राहता येत नाही. माझं मत विचारशील तर एक जेवण साधं करा पण म्युझियम वीकडेला तिकीट काढूनच बघा. सेंट पीटर्स बॅसिलिका तशीही फुकट आहे, सकाळी सातला उघडते, तेव्हाच गेलात तर सिक्युरिटीची लाइन छोटी असते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आत शिरल्या शिरल्या उजवीकडे पिएता (मायकेलअँजेलोचं मेरी आणि येशूचं शिल्प) आहे, गर्दी व्हायच्या आत आधी तिथेच जा, घुमटाचं नंतर बघा. त्याला तिकीट आहे आणि पायऱ्या ५५१.