आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ताप, लघवी कमी: सलाइन वाढवायचं का?

प्रश्न (सर्जरी रेसिडेंट)
पेशंट ६० किलोचा, लहान आतड्याचा तुकडा काढून जोड दिलाय. आज तिसरा दिवस. ताप ३८.४ सेल्सियस, नाडी ११८, बीपी १०८/७०, श्वास २४. लघवी गेले चार तास तासाला २० मिलीच्या आसपास. काल २४ तासांत आरएल (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं सलाइन) १ लिटर आणि डी-५ (५ टक्के ग्लुकोजचं पाणी) १ लिटर दिलं. राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेली नळी) ९०० मिली आलं. पोट थोडं फुगलंय, ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) जवळजवळ कोरडा. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) द्यावं की आरएलचा बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेलं सलाइन)? ताप ॲटेलेक्टॅसिसचा (फुप्फुसाचा भाग मिटल्याचा) धरून पॅरासिटामॉल आणि स्पायरोमेट्रीवर (उपकरणाने खोल श्वासाचा व्यायाम) थांबलं तर चालेल?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ, आयसीयू)
लॅसिक्स नको. आधी कॅथेटर बघा: नळी कुठे मुडपली नाही ना, मूत्राशय हाताला लागतं का. शंका असेल तर निर्जंतुक सलाइनने फ्लश करा.

आता हिशोब. रोजची गरज किलोला २५ ते ३० मिली, म्हणजे १५०० ते १८०० मिली. दिलं २०००, पण ९०० ट्यूबवाटे गेलं. उरलं ११००, शिवाय तापात घाम आणि श्वासातून जाणारं पाणी वाढतंच. पेशंट कोरडा आहे. त्यातही एक लिटर डी-५ होतं. ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही आणि ऑपरेशननंतर एडीएच (शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन) वाढलेलं असताना सोडियम उतरवतं. ट्यूबमधून जाणारं वेगळं मोजा आणि तेवढंच एनएस (नॉर्मल सलाइन), पोटॅशियम घालून, रोजच्या सलाइनखेरीज द्या.

आत्ता आरएल २५० ते ५०० मिली १५ मिनिटांत. मग नाडी, बीपी, लघवी आणि फुप्फुसाचे तळ पुन्हा तपासा. फरक पडला नाही तर डोळे मिटून दुसरा, तिसरा बोलस लावू नका; आतड्याला सूज येते आणि जोडाला ती बाधते.

उत्तर २ (सर्जन)
हिशोब बरोबर आहे, पण मला तापापेक्षा नाडीची काळजी जास्त वाटते. पहिल्या दिवशी लघवी एवढी असती तर ऑपरेशनचा ताण आणि एडीएच म्हणून थोडं थांबलो असतो. तिसऱ्या दिवशी मात्र ऊतींत साठलेलं पाणी परत यायला लागतं आणि लघवी वाढायला हवी. इथे ती घटतेय, सोबत ताप, श्वास २४, पोट फुगलेलं. जोड गळत नाही हे दिसेपर्यंत गळतोय असंच धरून चाला. कोरड्या ड्रेनवर विसंबू नका. तो चोंदतो किंवा गळतीच्या जागेपासून लांब असतो.

ॲटेलेक्टॅसिसमुळे ताप येतो याला भक्कम पुरावा नाही. स्पायरोमेट्री जरूर करा, पण तापाचं कारण सापडलं असं समजू नका.

ड्रेसिंग उघडून जखम स्वतः बघा. पिंडऱ्या दाबून बघा, सलाइनच्या सुईची जागा लाल आहे का तेही. अँटिबायोटिक बदलण्याआधी दोन वेगळ्या शिरांतून ब्लड कल्चर घ्या, जुन्या कॅन्युलातून नको. सोबत लॅक्टेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), इलेक्ट्रोलाइट्स, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी). या दिवशी सीआरपी १५० मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर संशय बळावतो. सीटीबद्दल सीनिअरशी आत्ताच बोला, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. फोनवर नुसतं ‘ताप आहे’ असं न सांगता नाडी, श्वास आणि लघवीचे आकडे द्या.

प्रश्नकर्ता
कॅथेटर मोकळं आहे. ५०० मिलीनंतर नाडी ११४, लघवी तासाला २५. जखम कोरडी. पोटॅशियम २.९, क्रिएटिनिन नॉर्मल. सीनिअरना कळवलं, सीटी ठरलं.

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ, आयसीयू)
कालच्या आरएलमधून पोटॅशियम जेमतेम ४ एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट) गेलं आणि गरज रोज ६० च्या आसपास, म्हणून हा आकडा इतका खाली. केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइड) १० मिलीचं अँप्युल बहुधा २० एमईक्यूचं असतं. लेबल वाचूनच घ्या. ते ५०० मिली एनएसमध्ये घालून दोन तासांत, साध्या शिरेतून तासाला १० एमईक्यूपेक्षा जास्त नको. मॅग्नेशियमही तपासा, ते कमी असेल तर पोटॅशियम वर येत नाही. लघवी कमी असल्याने प्रत्येक २० एमईक्यूनंतर पोटॅशियम पुन्हा बघा.

टांगलेल्या बाटलीत केसीएल सोडू नका. ते जड असतं, तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम शिरेत जातं. बाटली खाली काढा, केसीएल घाला, आठ-दहा वेळा उलटसुलट करा आणि मगच लावा.