बारावीनंतर इमर्जन्सी / पॅरामेडिकची डिग्री: महाराष्ट्रात याला किंमत आहे का?

मिरज_श्रु

नमस्कार. मी मिरजेची, यंदा बारावी झाली, पीसीबीला ६८ टक्के. नीटचा स्कोर बघता एमबीबीएस सोडाच, बीएएमएसला पण गव्हर्मेंट सीट लागणार नाही आणि प्रायव्हेटची फी घरच्यांना झेपणारी नाही. पण खरं सांगायचं तर मला ओपीडीत बसायचंच नव्हतं, मला अँब्युलन्स आणि कॅज्युअल्टीचं काम करायचंय. आमच्याकडे हायवेला ॲक्सिडेंट झाला की लोक चांगल्या मनानेच धावतात पण जखमी माणसाला हातापायाला धरून उचलतात आणि मिळेल त्या गाडीत टाकतात, मान कुणी धरत नाही, रक्त कुठून जातंय तिथे कुणी दाबून धरत नाही. हे काम येणारी माणसं पाहिजेत आणि त्यातली एक मी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

शोधताना कळलं की कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची बी.एस्सी. इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअर टेक्नॉलॉजी आहे, तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. तामिळनाडूच्या एमजीआर मेडिकल युनिव्हर्सिटीची पण ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी केअरची बी.एस्सी. आहे. पप्पा म्हणतात मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, नर्सिंग कर, घरचं खाऊन शिकशील. आणि एक एजंट आहे तो म्हणतो सहा महिन्यांचा कोर्स करा, डायरेक्ट पॅरामेडिक. कुणी ही डिग्री केलीय का? आपल्या १०८ मध्ये घेतात का? प्लीज खरं काय ते सांगा.

कॅज्युअल्टी_नाईट

मी केलीय हीच डिग्री, बेंगळुरूहून. आता पुण्यात एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आहे. आधी त्या एजंटचा नंबर ब्लॉक कर. सहा महिन्यांत फर्स्ट एड, सीपीआर, पेशंट उचलणं-हलवणं हे छान शिकता येतं आणि त्याचा उपयोगही आहे, पण त्याला पॅरामेडिक म्हणणं ही फसवणूक आहे. २०२१ साली अलाइड हेल्थकेअरचा (डॉक्टर-नर्स सोडून टेक्निशियन, थेरपिस्ट वगैरे बाकीच्यांचा) केंद्राचा कायदा आलाय, त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक आणि ॲडव्हान्स केअर पॅरामेडिक अशी दोन्ही नावं लिहिलेली आहेत. आणि त्यात प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तासांची डिग्री धरलीय, डिप्लोमावाल्या टेक्निशियनसाठी २००० तास. आज ना उद्या रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय काम करता येणार नाही, तेव्हा हे सहा महिनेवाले कुठे जाणार?

आता शिकवतात काय ते सांगतो कारण घरी पप्पांना तेच सांगावं लागेल. पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री असंच जातं, बाकी सगळ्या अलाइड कोर्सच्या पोरांसारखं, बोअर होतं पण नीट कर. खरा कोर्स त्यानंतर. ईसीजी वाचणं, एअरवे म्हणजे श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणं, डिफिब्रिलेटर म्हणजे हार्टला शॉक द्यायचं मशीन, व्हेंटिलेटरचं बेसिक, आयव्ही लाइन, ट्रॉमा, डिलिव्हरी अंगावर पडली तर काय करायचं, लहान मुलांचे डोस, मास कॅज्युअल्टीत लाल-पिवळा-हिरवा-काळा टॅग लावून कुणाला आधी घ्यायचं हे सगळं.

पण मी तुला सांगतो, आपल्या भागात पोस्टिंगला जे दिसतं ते वेगळंच आहे. फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट येतो, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. त्यावरचं इंजेक्शन ॲट्रोपिन किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, पण दर थोड्या वेळाने छाती ऐकून घरघर सुकली का, पल्स किती, हे बघून सांगणारा माणूस बेडशेजारी उभा लागतो. आणि त्याच्याआधी त्याचे भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवायला लागतं, स्वतः ग्लोव्हज घालून, कारण ते औषध कातडीतून पण जातं आणि नातेवाईकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. साप चावलेला येतो, त्याचं साधं काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं गोठलं का. नाही गोठलं तर घोणस-फुरसं कॅटेगरीचं विष धरून पुढे जायचं. मण्यार-नागाला रक्त गोठतं पण पापण्या खाली यायला लागतात, म्हणून तिथे डोळे आणि श्वास यावर नजर. हे सगळं मी पुस्तकातून नाही, इंटर्नशिपला सीनियरच्या शेजारी उभं राहून शिकलो.

म्हणून कॉलेज निवडताना बिल्डिंग, हॉस्टेल, प्लेसमेंटचं पोस्टर काही बघू नको. एकच गोष्ट विचारायची, कॅज्युअल्टी कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलची आहे का आणि रात्री तिथे खरंच पेशंट येतात का. थर्ड इयरच्या मुलांना गाठून त्यांची लॉगबुक बघायला माग. काही ठिकाणी चार वर्षं मॅनिकिनवरच म्हणजे पुतळ्यावरच प्रॅक्टिस होते आणि इंटर्न पोरांना बिलिंग काउंटरवर बसवतात, हे मी मित्रांकडून ऐकलेलं आहे.

डॉ_खटाव

श्रु, मी बीएएमएस आहे, बरीच वर्षं १०८ वर काम केलंय, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. आपल्याकडे १०८ सेवा २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिकच्या, आणि पहिल्यापासून पद्धत अशी की गाडीवर डॉक्टर आणि पायलट म्हणजे ड्रायव्हर. डॉक्टर म्हणजे आमच्यासारखे बीएएमएस, बीएचएमएस वगैरे. बऱ्याच दुसऱ्या राज्यांत गाडीवर ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असतो आणि डॉक्टर कॉल सेंटरमधून फोनवर सांगतो, आपलं तसं नाही. त्यामुळे तुझी बी.एस्सी. घेऊन तू महाराष्ट्रातल्या १०८ वर ईएमएसओच्या म्हणजे गाडीवरच्या डॉक्टरच्या जागेवर बसशील हे सध्या धरून चालू नकोस. सिम्बायोसिसचा इमर्जन्सीचा पीजी डिप्लोमा ऐकला असशील, तोही आधी मेडिकलची डिग्री असलेल्यांसाठी आहे.

माझं स्वतःचं मत विचारशील तर हे बदलायला पाहिजे. मी साडेपाच वर्षं आयुर्वेद शिकलो आणि मग थोड्या दिवसांचं ट्रेनिंग घेऊन गाडीवर चढलो. काम शिकलो, जीव तोडून केलं, पण चार वर्षं फक्त इमर्जन्सी शिकलेला माणूस त्या जागेवर असावा आणि मागे फोनवर डॉक्टर असावा, जगात बऱ्याच देशांत हेच चालतं. गाडीवर आम्ही दोघंच, पेशंट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, स्ट्रेचर वळत नाही, मी आणि पायलट आणि शेजारचे दोन जण मिळून चादरीत उचलतोय आणि एकीकडे सीपीआर थांबलेला आहे. अशा वेळी पेशंट हलवायचं शिक्षण किती महत्त्वाचं ते कळतं. ते तुमच्या कोर्समध्ये असतं, आमच्यात नव्हतं.

तरी घरची परिस्थिती सांभाळून निर्णय घे. ऑप्शन काय काय आहेत ते बघ: मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, त्यांच्या कार्डियाक अँब्युलन्स, कंपन्यांची ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, एअर अँब्युलन्स, नाहीतर दुसरं राज्य.

सिस्टर_सुमती

अगं श्रु, तुझे पप्पा काही चुकीचं सांगत नाहीयेत. मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, आयसीयू आणि मग कॅज्युअल्टी, नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. इमर्जन्सीत काम करायचं तर नर्सिंगमधून पण येता येतं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, आणि नर्सला सरकारी भरती असते, जिल्हा परिषद असते, मिलिटरी असते, कुठल्याही गावात गेलीस तरी काम आहे. लग्न झालं, बदली झाली, मुलं झाली, दोन वर्षं घरी बसलीस तरी परत रजिस्ट्रेशन दाखवून उभी राहू शकतेस. तुझ्या त्या डिग्रीला आज तालुक्याच्या गावात कोण विचारणार, एचआरवालेच विचारतात हे काय असतं म्हणून. आमच्याकडे एक मुलगा आला होता ही डिग्री घेऊन, हुशार, ईसीजी तर असा वाचायचा की ज्युनियर डॉक्टर त्याला दाखवायला आणायचे, पण पगाराच्या कागदावर त्याला टेक्निशियन म्हणून टाकलेला आणि स्टाफ नर्सपेक्षा कमी. वर्षभराने गेला तो गल्फला. मला त्याचं फार वाईट वाटलं कारण तसा माणूस आमच्या कॅज्युअल्टीला पाहिजे होता.

रात्रपाळीचं म्हणशील तर तुझ्या घरच्यांना हे सांग की नर्सिंगमध्ये पण रात्रपाळी असतेच, ती कुणाला चुकलेली नाही.

बांदा_ते_बांबोळी

मी सिंधुदुर्गातला, ड्युटी गोव्यात १०८ ला. आमच्याकडे गाडीवर ईएमटी असतो, त्यामुळे वर डॉक्टरसाहेबांनी जे लिहिलं त्याची दुसरी बाजू सांगतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, नंतर कंपनीचं ट्रेनिंग, ते दीड-दोन महिन्यांचं असतं. कॉलवर गेलो की पेशंट बघायचा, व्हायटल्स म्हणजे पल्स, बीपी, श्वास वगैरे घ्यायचे, सेंटरच्या डॉक्टरला फोन लावून सांगायचं, ते सांगतील ती ट्रीटमेंट द्यायची, केस शीटवर वेळेसकट लिहायची. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी लगेच काढायचा, कारण गोव्यात हार्ट अटॅकसाठी स्टेमी प्रोजेक्ट आहे, ईसीजी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजच्या कार्डिओलॉजीला जातो आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन पेशंटला जवळच्या सरकारी हॉस्पिटललाच देतात, बांबोळीपर्यंत वाट बघत नाहीत. फोनवर मी काय सांगतो त्यावर डॉक्टर ठरवतो, म्हणजे मला दिसलं नाही तर त्यालाही दिसत नाही. तिथे डिग्रीवाल्याचा फरक पडतो, मी बघितलंय. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे डिग्रीवाली, ती फोन लावते तेव्हा डॉक्टरला पुढचे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

रात्री मुली असतात आमच्याकडे, भरपूर आहेत. फक्त पाठ सांभाळ, व्यायाम आत्तापासून चालू कर, उचलायचं काम आहे आणि कंबर गेली की नोकरी गेली.

मेलबर्नची_मावशी

माझा मुलगा इथे ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियात पॅरामेडिक आहे म्हणून लिहिते. इथे तीन वर्षांची बॅचलर ऑफ पॅरामेडिसिन करावी लागते, मोनॅश, चार्ल्स स्टर्ट अशा बऱ्याच युनिव्हर्सिटीत आहे. १ डिसेंबर २०१८ पासून देशभर रजिस्ट्रेशन आलं आणि तेव्हापासून रजिस्टरमध्ये नाव नसताना स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. गाडीवर डॉक्टर नसतो, गाइडलाइन्सप्रमाणे औषधं हीच मुलं देतात, आणि पुढे पोस्ट ग्रॅज्युएट करून मायका म्हणजे इंटेन्सिव्ह केअरच्या गाडीवर जाता येतं. आम्हाला आधी लेकाने डॉक्टर व्हावं असं फार वाटायचं, पण आता त्याला कामावरून येताना बघितलं की अभिमान वाटतो. काही दिवस तो येऊन नुसता बसून राहतो, बोलत नाही, तेव्हा मी विचारत नाही, चहा करून देते. त्यांच्याकडे त्यासाठी पीअर सपोर्ट आणि सायकॉलॉजिस्टची सोय आहे आणि तो जातो, ही सोय तिकडे पण असायला हवी.

श्रु बाळा, एक मात्र लक्षात ठेव, तिकडची बी.एस्सी. घेऊन इथे परस्पर रजिस्ट्रेशन मिळत नाही, बोर्ड कोर्स तपासून ठरवतं, इंग्लिशची परीक्षा वेगळी. आणि इथे शिकायला यायचं तर इंटरनॅशनल फी खूप आहे आणि ग्रॅज्युएट जागांसाठी इथल्याच मुलांची रांग असते. कर्ज काढून यायचं असेल तर दहादा विचार करा. नर्स म्हणून येणाऱ्या मुलींना मात्र त्या मानाने सोपं जातं.

मिरज_श्रु

सगळ्यांना मनापासून थँक्यू, हे सगळं पप्पांना वाचून दाखवलं. सुमतीताईंचं वाचून ते खूश झाले आणि बांदावाल्या दादांचं वाचून गप्प झाले. आता ते म्हणतायत कॉलेज बघायला बेंगळुरूला जाऊन येऊ. कॅज्युअल्टी_नाईट दादा, तिथे गेल्यावर नक्की काय काय विचारू? आणि डिस्टन्सने नाही ना करता येत, फी वाचेल असं काका म्हणत होते.

कॅज्युअल्टी_नाईट

डिस्टन्सने अजिबात नाही, २०२५ पासून यूजीसीनेच अलाइड हेल्थकेअरचे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन बंद केलेत, आणि बंद नसते केले तरी घरी बसून कुणाला श्वासनळीत ट्यूब घालायला शिकता येत नाही.

गेल्यावर असं कर. ऑफिसमध्ये बसायच्या आधी कॅज्युअल्टीच्या दारात अर्धा तास उभी राहा, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, किती गाड्या येतात आणि आयडी कार्डवाली पोरं आत काम करतायत का बाहेर मोबाईल बघतायत ते दिसेल. मग ऑफिसमध्ये विचार की कोर्सला विद्यापीठाचं ॲफिलिएशन या वर्षीचं आहे का, लेटर दाखवा म्हण. इंटर्नशिप कुठे, स्टायपेंड किती, अँब्युलन्सवर पोस्टिंग आहे का. शिकवणारे इमर्जन्सी मेडिसिनचे एमडी आहेत का, की ॲनेस्थेशियाच्या टेक्निशियनलाच तास वाटून दिलेत. बीएलएस, एसीएलएस (बेसिक आणि हार्टचं ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट ट्रेनिंग) चे सर्टिफिकेट कॉलेज करून देतं का आपल्या खर्चाने करायचं, ती दोन वर्षांनी रिन्यू करावी लागतात. मूळ मार्कलिस्ट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट जमा करून घेत असतील आणि सोडताना पैसे मागायची अट असेल तर तो फॉर्म सही करू नको, आधी इथे फोटो टाक.

आणि कन्नड शिकायला आत्तापासून सुरू कर, मिरजेची आहेस म्हणजे कानावर असेलच. कॅज्युअल्टीत आलेला म्हातारा "उसिरु" म्हणून छातीवर हात ठेवतो तेव्हा त्याला श्वास लागतोय हे कळायला दुसऱ्याला विचारत बसायला वेळ नसतो. पप्पांसोबत येणार असशील तर तारीख कळव, माझ्या दोन ज्युनियर तिथे इंटर्नशिप करतायत, मुलीच आहेत, त्या तुला हॉस्टेल आणि ड्युटी रोस्टर दोन्ही दाखवतील.